स्प्रे गनने कपाटाच्या दारांना पीयू मारायचाय? रेग्युलेटरला हात सगळ्यात शेवटी लावा

नवीन गन घेतलेल्या माणसाची एक सवय ठरलेली असते. रंग नीट फुटला नाही की प्रेशर वाढवायचं. संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत आलं, वाढव प्रेशर. गन थुंकतेय, वाढव प्रेशर. कोपऱ्यात रंग पोचत नाही, अजून वाढव. मग अर्धा रंग हवेत उडून जातो, भिंतीवर बसतो, नाकात जातो आणि दारावर जो पोचतो तो वाटेतच वाळून पावडरसारखा खरखरीत बसतो. रेग्युलेटरवर ठरतं ते प्रेशर हे शेवटचं सेटिंग आहे, पहिलं नाही, आणि हा सगळा लेख त्यावरच आहे. उदाहरण म्हणून कपाटाची प्लायची किंवा एमडीएफची दारं धरली आहेत, त्यावर टू-के पीयू (बेस आणि हार्डनर असे दोन भाग कालवून मारायचा पॉलियुरेथेन), छोटं वर्कशॉप, साधा पिस्टन कॉम्प्रेसर आणि वरती कप असलेली ग्रॅव्हिटी गन. लोखंडी ग्रिलला एनॅमल मारणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

गनच्या आत काय चालतं ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचे फॉल्ट आपोआप ओळखता येतात. ट्रिगर थोडा दाबला की फक्त हवा सुरू होते, अजून मागे ओढला की नीडल मागे सरकते आणि नॉझलच्या भोकातून रंग बाहेर येतो. नॉझलच्या भोवती एअर कॅपमध्ये एक बारीक गोल फट असते, तिथून सुटणारी हवा रंगाच्या धारेला फाडते आणि तिचे थेंब होतात. मग एअर कॅपचे जे दोन कान पुढे आलेले असतात त्यांच्या भोकांतली हवा त्या गोल फवाऱ्याला दोन्ही बाजूंनी दाबून चपटा करते, तोच आपला फॅन. गनवर मागे आणि बाजूला जे नॉब असतात त्यातला एक फॅन रुंद-अरुंद करतो, एक नीडल किती मागे जाईल म्हणजे रंग किती सुटेल ते ठरवतो, आणि बऱ्याच गनना खाली हवेचा एक असतो. एवढंच मशीन आहे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या टोलेडो शहरातले घशाचे डॉक्टर ॲलन डिव्हिल्बिस यांची, घशात औषध फवारायला त्यांनी ॲटमायझर बनवला आणि पुढे त्यांच्या मुलाने, थॉमसने, १९०७ च्या सुमारास तीच गोष्ट रंगाला लावली. तेव्हापासून तत्त्व तेच आहे, बदललाय तो हवेचा हिशोब.

कन्व्हेन्शनल म्हणजे साधी गन जास्त प्रेशरने रंग फोडते, म्हणून बारीक फोडते पण उडवतेही खूप. एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर पण प्रेशर कमी, एअर कॅपवर जास्तीत जास्त १० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक). अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हवा प्रदूषणाच्या नियमांमुळे ह्या गन फोफावल्या, तिथे अपेक्षा अशी की निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास राहतं, म्हणजे महागाचा पीयू विकत घेऊन त्यातला मोठा वाटा आपण हवेला देतो. पण एचव्हीएलपीला हवा खूप लागते आणि इथेच लहान वर्कशॉपवाल्यांची गाडी अडते.

कॉम्प्रेसर आणि पाइप

दुकानदार टाकीचे लिटर सांगतो, आपण बघायचे सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. मोटरच्या एका एचपीमागे साधारण साडेतीन ते चार सीएफएम खरी हवा मिळते असं धरून चाला. लेबलवर बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन जेवढी हवा खेचतो त्याचा आकडा असतो, तो मोठा दिसतो, प्रत्यक्षात बाहेर येणारी हवा त्यापेक्षा बरीच कमी, म्हणून एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी, बाहेर येणारी खरी हवा) किती ते विचारा. साध्या गनला ८-१० सीएफएम लागतात, एचव्हीएलपीला १० ते १५. म्हणजे १ एचपीच्या कॉम्प्रेसरवर एचव्हीएलपी लावली तर पहिलं अर्धं दार झकास येतं आणि मग टाकी रिकामी होत जाते, प्रेशर पडतं, थेंब मोठे होतात आणि माणूस गनला शिव्या घालतो. टाकी मोठी घेतल्याने फक्त ही वेळ पुढे जाते, हवा वाढत नाही. एवढाच कॉम्प्रेसर असेल तर सरळ एलव्हीएलपी (हवाही कमी, प्रेशरही कमी) गन घ्या, ३ ते ६ सीएफएमवर चालणाऱ्या मिळतात, फॅन जरा लहान असतो आणि काम सावकाश होतं पण होतं. ३ एचपी असेल तर मात्र एचव्हीएलपीचा विचार करायला हरकत नाही.

पाइपकडे कोणी बघत नाही. आतून ६ एमएमचा, दहा मीटर लांब, त्यात दोन-तीन क्विक कपलर, एवढ्यात प्रेशर बरंच खाल्लं जातं. आतून ८ एमएम किंवा १० एमएमचा पाइप घ्या आणि प्रेशर मोजायचं ते गनच्या बुडाशी गेज लावून, ट्रिगर दाबलेला असताना. ट्रिगर सोडलेला असताना गेजवर ४० दिसतं आणि दाबल्यावर २५ वर येतं, खरा आकडा तो २५ चा.

पाणी हा वेगळा विषय. हवा दाबली की गरम होते, टाकीत आणि पाइपात थंड झाली की त्यातली वाफ पाणी होऊन बसते. आपल्याकडे जुलैमध्ये, विशेषतः कोकण-मुंबईच्या पट्ट्यात, टाकीचा खालचा ड्रेन कॉक उघडला की कपभर पाणी निघणं काही विशेष नाही. ते रोज काम सुरू करण्याआधी काढायचं, दुपारी परत काढायचं. आणि मॉइश्चर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका, तिथे हवा अजून गरम असते आणि वाफ सरळ त्यातून निघून जाते. काही मीटर पाइप फिरवून, हवा थंड झाल्यावर मग सेपरेटर बसवा. हार्डनरला पाणी अजिबात चालत नाही, बुडबुडे येतात, हे लक्षात ठेवा.

नॉझल

दाराच्या टॉपकोटसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या थरासाठी, १.३ किंवा १.४ एमएम. सीलर आणि सर्फेसर हे त्याच्या खालचे थर, ते जाड असतात, त्याला १.६ ते १.८. एकाच नॉझलवर दोन्ही भागवायचं असेल तर १.५ घेऊन तडजोड होते, पण मी म्हणेन की सीलरला एक स्वस्तातली वेगळी गन ठेवा, चांगल्या गनमधून सर्फेसर मारून तिची वाट लावू नका. आणि नॉझल, नीडल, एअर कॅप हे तिन्ही एकाच सेटचे हवेत, १.४ च्या नॉझलमध्ये १.८ ची नीडल घातली तर ती नीट बसणार नाही आणि रंग गळत राहील.

रंग कालवणे

सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. पीयूचं बेस आणि हार्डनरचं प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं, कुठे २ ला १, कुठे ४ ला १, कुठे १ ला १, ते डब्यावर वाचायचं आणि मापाच्या कपाने किंवा वजनकाट्याने घ्यायचं. डबा आकारमानाने सांगतोय का वजनाने तेही बघा, दोन्हीत फरक पडतो. "थोडं हार्डनर जास्त टाकलं की लवकर वाळतं" हे बंद करा, फिल्म ठिसूळ होते आणि कमी टाकलं तर महिनाभर नख रुतत राहतं. आधी बेस तळापासून ढवळा, मॅट असेल तर नक्कीच, कारण मॅटिंगची पावडर खाली बसलेली असते आणि ती तशीच राहिली तर पहिलं दार चकचकीत आणि शेवटचं खडूसारखं येतं. मग हार्डनर, नीट एकजीव करा, मग शेवटी थिनर.

थिनर किती? इथे अंदाज नको, फोर्ड कप घ्या, रंग किती जाड-पातळ आहे ते त्याने मोजता येतं. आपल्याकडे पेंट लाइनवाले ज्याला बी-४ कप म्हणतात तो, खाली ४ एमएमच्या आसपास भोक असलेला छोटा कप. काठोकाठ भरायचा, बोट काढायचं, घड्याळ चालू, आणि धार पहिल्यांदा तुटेल तेव्हा घड्याळ बंद. टॉपकोट पीयूला १८ ते २२ सेकंद, एनॅमलला त्यापेक्षा जाड म्हणजे २५ च्या पुढेमागे चालतं. नंतर त्या रंगाला किती सेकंदाला छान फिनिश आलं ते डब्यावर पेनाने लिहून ठेवा, पुढच्या वेळी अर्धा वेळ वाचतो. थंडीत सकाळी तोच रंग जास्त सेकंद दाखवतो कारण रंग गार झाला की घट्ट होतो, अशा वेळी थिनर ओतत बसण्यापेक्षा बंद डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. गॅसवर नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

मग गाळायचा. कागदाची जाळीवाली गाळणी काही रुपयांना मिळते, नाही तर नायलॉनचा स्वच्छ मोजा. न गाळता भरलेला रंग म्हणजे दुपारी नॉझल खोलून बसायची तयारी. आणि कालवलेला पीयू काही तासच टिकतो, तेव्हा दोन तासांत मारता येईल एवढाच कालवा.

आता पेपरवर

दारावर जायच्या आधी भिंतीला जुना पेपर चिकटवा. सेटिंगचा क्रम असा धरा: फॅनचा नॉब पूर्ण उघडा, रंगाचा नॉब पूर्ण बंद करून मग दीड-दोन फेरे उघडा, आणि प्रेशर मुद्दाम कमी ठेवा, एचव्हीएलपीला १५ पीएसआय, साध्या गनला २५. गन पेपरपासून वीतभर अंतरावर धरून ट्रिगर पटकन दाबून सोडा. कमी प्रेशरवर पेपरवर मोठाले ठिपके दिसतील. मग पाच-पाच पीएसआयने वाढवत जा आणि दर वेळी नवीन जागी ठसा उमटवा. एका टप्प्याला काठावरचे ठिपकेही मधल्याइतकेच बारीक झालेले दिसतील, तिथे थांबा. तेच तुमचं प्रेशर, त्याच्या वर गेलात तर फक्त धूर वाढेल. बऱ्याच एचव्हीएलपी गन गनच्या बुडाशी २५ ते ३० पीएसआयला बसतात, साध्या गन ४० च्या आसपास. तिथपर्यंत पोचूनही ठिपके मोठेच असतील तर दोष प्रेशरचा नाही, रंग जाड आहे, परत फोर्ड कपकडे जा.

अजून एक चाचणी आहे जी फार कमी लोक करतात आणि करायलाच हवी. एअर कॅप ९० अंशात फिरवा म्हणजे फॅन आडवा होईल. गन स्थिर धरून रंग ओघळू लागेपर्यंत ट्रिगर दाबून ठेवा. खाली ओघळांची झालर तयार होते. सगळे ओघळ साधारण सारख्या लांबीचे असतील तर फवारा सगळीकडे सारखा आहे. मधले लांब आणि कडेचे आखूड असतील तर रंग जास्त सुटतोय किंवा हवा कमी पडतेय. कडेचे लांब आणि मधले आखूड असतील तर उलट, हवा जास्त झाली किंवा रंग फार पातळ, अशा वेळी प्रेशर कमी करायचं. आणि एकाच बाजूला लांब ओघळ असतील तर कुठलं तरी भोक बुजलंय. कुठलं ते शोधायचं तर एअर कॅप १८० अंशात फिरवून परत मारा: ठसा पण उलटा झाला तर घाण एअर कॅपमध्ये, ठसा होता तसाच राहिला तर नॉझलवर. दोन मिनिटांत निकाल, अख्खी गन खोलायची गरज नाही.

मास्क, पंखा, आग

हे हात चालवायच्या आधी वाचा. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा श्वासात गेला तर दमा लागू शकतो आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्याशानेही त्रास होतो, माणसाला धंदा सोडावा लागतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, कोविडवाला मास्क पण नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा एअर-फेड मास्क हाच खरा उपाय. कार्बन कार्ट्रिजवाला हाफ मास्क रुमालापेक्षा कितीतरी बरा पण त्याची अडचण अशी की आयसोसायनेटचा वास जवळजवळ येत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपली हे कळतच नाही, तारीख लिहून ठेवून बदलावी लागते. लांब बाह्या, ग्लोव्हज, चष्मा हेही हवेच.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून एग्झॉस्ट खाली बसवलेला बरा. घरगुती पंखा वाफेच्या मार्गात लावू नका, मोटरच्या ठिणगीने आग लागते. थिनरमधलं नुसतं टोल्युइन घेतलं तरी त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ४ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेट घ्यायला तयारच असतं. बिडी, देवाचा दिवा, शेजारचं वेल्डिंग, कॉम्प्रेसरचा स्विच, सगळं लांब.

हात चालवणे

दार आडवं ठेवता आलं तर ठेवा, ओघळ येत नाहीत. सीलर घासून झाला असेल, ३२० च्या पॉलिश पेपरने, तर धूळ झटकून टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) हलक्या हाताने फिरवा. उजेड समोरून तिरका हवा म्हणजे ओला रंग चमकताना दिसतो. डोक्यावरच्या एकाच ट्यूबखाली काम केलंत तर कोरडा पट्टा दुसऱ्या दिवशीच दिसेल.

आधी कडा मारायच्या, मग सपाट भाग. गन दारापासून एचव्हीएलपीला ६ ते ८ इंच, साध्या गनला ८ ते १०. गन दाराला काटकोनात, आणि मनगट वळवायचं नाही, खांद्यापासून अख्खा हात सरकवायचा. मनगट वळलं की पट्ट्याच्या मधे रंग जाड आणि दोन्ही टोकांना पातळ, नवशिक्याचं दार लांबून ओळखू येतं ते यावरूनच. हात आधी चालू करा, दाराची कड यायच्या जरा आधी ट्रिगर ओढा, पलीकडची कड ओलांडल्यावर सोडा. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर चढवायचा, सोपी युक्ती म्हणजे फवाऱ्याचा मध्य मागच्या पट्ट्याच्या खालच्या काठावर धरायचा. मागच्या पट्ट्याचा ओला काठ वाळू द्यायचा नाही, म्हणून एकदा सुरू केलं की फोन वाजू दे.

पहिला हात हलका, दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा भरपूर, आणि तो आधीच्याच्या आडवा. जाडी किती झाली ते मोजायला वेट फिल्म कोम मिळते, कंगव्यासारखी पट्टी, ओल्या रंगात उभी टेकवायची. १०० मायक्रॉन ओला थर आणि रंगात ४० टक्के घन भाग असेल तर वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतो, आणि थिनर टाकल्याने तो टक्का अजून खाली येतो. तेव्हा पातळ कालवून "दोन हात झाले" म्हणण्यात काही अर्थ नाही.

बिघडलं तर

ओघळ आले तर तुम्ही जवळ आहात, हळू आहात किंवा रंगाचा नॉब जास्त उघडा आहे. बोटाने पुसायचं नाही, कडक होऊ द्या, मग ब्लेडने किंवा ब्लॉकवर पेपर लावून काढा. संत्र्याची साल आली तर बहुतेक वेळा रंग जाड किंवा गन लांब, किंवा थिनर एवढं लवकर उडतं की रंगाला सपाट व्हायला वेळ मिळत नाही. हात फिरवला की खरखरीत लागलं तर तो ड्राय स्प्रे, म्हणजे रंग वाटेतच वाळलाय, आणि याला प्रेशर वाढवणं हे आगीत तेल. गोल खड्डे पडले, माशाच्या डोळ्यासारखे, तर तेल किंवा सिलिकॉन, फर्निचर पॉलिश किंवा कॉम्प्रेसरचं ऑइल पाइपातून येतंय. गन मधेच थुंकायला लागली तर आधी कपाच्या झाकणाचं हवेचं भोक बघा, ते वाळलेल्या रंगाने बुजलेलं असतं निम्म्या वेळा, मग नॉझल घट्ट आहे का, मग नीडलचं पॅकिंग सैल झालंय का.

हवामानाचं वेगळं सांगतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात भर दुपारी ४४-४५ डिग्रीत मारलं तर रंग वाटेतच वाळतो, तिथे सकाळी लवकर काम करा आणि स्लो म्हणजे हळू उडणारं थिनर घ्या. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि अख्खं दार पांढरट दिसायला लागतं. ब्लशिंग म्हणतात ते हेच. थोडं रिटार्डर थिनर घातलं की उडणं मंदावतं आणि हे टळतं, आलंच असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डरचा हलका फवारा मारून बरेचदा परत पारदर्शक होतं. नियम म्हणून पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) निदान ३ अंश वर हवं, नाही तर त्या दिवशी दारं घासून ठेवा, मारू नका.

धुणे

पीयू झाला की लगेच. चहा नंतर. कप रिकामा करा, थोडं थिनर घालून हलवा, फवारून टाकून द्या, स्वच्छ निघेपर्यंत परत. मग एअर कॅप आणि नॉझल काढून मऊ ब्रशने धुवा. भोकात तार, सुई, टाचणी घालायची नाही, भोक तसूभर मोठं झालं की फॅन कायमचा वाकडा, घालायचीच तर लाकडी टूथपिक. अख्खी गन थिनरच्या बादलीत बुडवून ठेवायची पद्धत खूप ठिकाणी बघायला मिळते, त्याने पॅकिंग आणि रबर सुकून कडक होतात आणि हवेच्या वाटेत रंग मिसळलेलं थिनर जाऊन बसतं. धुऊन झाल्यावर नीडलच्या पॅकिंगला आणि ट्रिगरच्या पिनला सिलिकॉन नसलेल्या तेलाचा एकेक थेंब, आणि पॅकिंगचा नट एवढाच आवळा की नीडल सोडली की स्वतःहून पुढे जाईल. हार्डनरच्या डब्याचं झाकण पुसून घट्ट लावा, हवेतला ओलावा लागला की ते आठवड्याभरात जेलीसारखं होतं आणि मग फेकून द्यावं लागतं. थिनरने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा आणि मगच टाका.